बीड रोडवरचा कापसाचा ट्रक आणि इंडियन एअरलाइन्सचा वारसा

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. अलायन्स एअरचं, एटीआर-७२ जातीचं, पंख्याच्या इंजिनाचं विमान. मुख्यमंत्री आले, केंद्रीय मंत्री आले, फोटो निघाले. विमानतळ १९९२ पासून उभा होता, त्यामुळे आनंद होणं साहजिकच होतं.

त्या गर्दीत एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, ते म्हणजे या अलायन्स एअरचं कुळ. ही कंपनी १९९६ साली इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून उडायला लागली. इंडियन एअरलाइन्स पुढे एअर इंडियात विलीन झाली आणि २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांच्या ताब्यात गेली. अलायन्स एअर त्या विक्रीत नव्हती, ती सरकारकडेच राहिली. म्हणजे बघा, एकेकाळी देशातली सगळी नियमित विमानसेवा एकहाती चालवणारी इंडियन एअरलाइन्स आज नाही, पण तिची धाकटी मुलगी बेलोऱ्याला येऊन उतरते.

माझ्या पीएच.डी.चं काम वाहतुकीच्या इतिहासावर आहे. कुणी विचारलं की मी साधं सांगते: रस्ता, रेल्वे आणि विमान एकमेकांना कुठे भेटतात, आणि भेटले की काय होतं, ते मी शोधते. आजचा लेख अशाच एका भेटीवर आहे. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर एका ट्रकला धडकलं. ट्रकवर कापसाच्या गाठी होत्या. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले.

आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, “ते ट्रकला धडकलेलं विमान” एवढं नक्की आठवतं. त्यापुढचं मात्र पुसट झालंय. माझं म्हणणं असं आहे की त्या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष दोन भागांचा होता. आपण त्यातला कधी एक भाग लक्षात ठेवतो, कधी दुसरा. दोन्ही भाग एकत्र लक्षात ठेवायचं काम ज्या संस्थांचं होतं, त्या संस्थाच आता राहिलेल्या नाहीत. आणि बेलोरा, शिवणी अशा आपल्या विमानतळांसाठी तो पूर्ण निष्कर्ष फार कामाचा आहे.

आठ कंपन्यांची एक कंपनी

आधी थोडं मागे जाऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे बऱ्याच खासगी विमान कंपन्या होत्या. महायुद्ध संपल्यावर डकोटा विमानं स्वस्तात मिळाली, ज्याला जमलं त्याने ती घेतली आणि कंपनी काढली. मार्ग थोडे, कंपन्या फार, त्यामुळे तोटा ठरलेलाच. १९५३ मध्ये संसदेने एअर कॉर्पोरेशन्स कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत सेवा एका महामंडळाकडे आल्या. डेक्कन एअरवेज, एअरवेज (इंडिया), भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाचा देशांतर्गत भाग, अशा आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले.

विदर्भाशी या कंपनीचं नातं पहिल्या दिवसापासून होतं, ते रात्रीच्या टपालामुळे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी विमानं आपापल्या शहरांत परतायची. ही सेवा राष्ट्रीयीकरणाआधी, १९४९ मध्येच सुरू झाली होती. इंडियन एअरलाइन्सने ती पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवली. नागपूर नकाशाच्या मधोमध आहे हे आपण शाळेत ‘झिरो माइल’च्या धड्यात शिकतो. टपाल खात्याने त्याचा खरा उपयोग करून घेतला.

या नव्या महामंडळाच्या सुरुवातीच्या मोठ्या अपघातांपैकी एकही नागपूरलाच झाला. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासला निघालेलं टपालाचं डकोटा सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळलं. विमानातल्या १४ जणांपैकी १३ गेले. कंपनी सुरू होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते.

पुढची चाळीस वर्षं देशात विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्स. तिकिटावर ‘आयसी’ ही अक्षरं आणि पुढे आकडा. वऱ्हाडातल्या माणसाला विमान पकडायचं तर बहुतेक वेळा नागपूर गाठावं लागायचं. पश्चिमेकडच्या लोकांना औरंगाबादही चालायचं. पण आपल्यापैकी बहुतेकांसाठी विमान म्हणजे शेतात उभं राहून वर बघायची गोष्ट होती.

१९९३ ची कंपनी कशी होती

अपघात समजून घ्यायचा तर तो ज्या वर्षी झाला ते वर्ष समजून घ्यावं लागतं. १९९३ हे इंडियन एअरलाइन्सच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वर्ष म्हणता येईल.

आधीच्या पाच वर्षांत तिचे तीन भीषण अपघात झाले होते. ऑक्टोबर १९८८ मध्ये अहमदाबादला १३३ जण गेले, फेब्रुवारी १९९० मध्ये बंगळूरला ९२ आणि ऑगस्ट १९९१ मध्ये इंफाळजवळ ६९. डिसेंबर १९९२ मध्ये वैमानिकांचा संप झाला. संपाच्या काळात सेवा चालू ठेवण्यासाठी कंपनीने परदेशी विमानं त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने आणली. त्यातलं उझबेकिस्तानचं एक तुपोलेव-१५४ विमान ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत धुक्यात उतरताना उलटलं. सुदैवाने त्यात कुणी दगावलं नाही.

दुसरीकडे सरकारने खासगी ‘एअर टॅक्सी’ कंपन्यांना दार उघडून दिलं होतं. ईस्ट-वेस्ट १९९२ मध्ये आली, दमानिया १९९३ मध्ये. जेट एअरवेजचं पहिलं व्यावसायिक उड्डाण झालं ५ मे १९९३ ला. औरंगाबादचा अपघात २६ एप्रिलचा, म्हणजे दोन्हींमध्ये फक्त नऊ दिवस. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि मक्तेदारी कायद्यानेही संपली.

ही तारीखवारी मी मुद्दाम देतेय. अपघाताची बातमी लोकांनी वाचली ती अशा वातावरणात: “सरकारी कंपनी, संपकरी वैमानिक, जुनी विमानं.” आणि समोर नवी कोरी खासगी कंपनी. त्यामुळे या अपघाताला “सरकारी कारभाराचं उदाहरण” हे लेबल लगेच चिकटलं. लेबल चिकटलं की खोलात जायची गरज कुणाला वाटत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम तिथूनच सुरू होतं.

त्या दुपारी काय झालं

उड्डाणाचा क्रमांक आयसी-४९१. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जायचं. नकाशावर बघितलंत तर लक्षात येईल, हा पर्यटकांचा मार्ग आहे: राजवाडे, तलाव आणि शेवटी अजिंठा-वेरूळ. औरंगाबादहून निघताना विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. विमान जवळपास पूर्ण भरलेलं.

वेळ दुपारी एकच्या थोडी पुढची, महिना एप्रिलचा. आता इथे थोडं विज्ञान. विमान पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे उचललं जातं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना तेवढाच जोर मिळवायला जास्त वेग लागतो, इंजिनाची ताकदही कमी पडते. शिवाय चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे, तिथली हवा मुळातच थोडी विरळ. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी जे विमान अर्ध्या-पाऊण धावपट्टीत उडेल, तेच वजन घेऊन एप्रिलच्या दुपारी ते कितीतरी पुढे जाऊन उडणार. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसाची जी गत होते, तीच इंजिनाची होते.

आणि धावपट्टी तेव्हा सुमारे ६,००० फुटांची होती. आज ती ९,३०० फूट आहे.

विमानाने ०९ या धावपट्टीवरून, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, धाव घेतली. धावपट्टीवर एक ठरलेला वेग आला की वैमानिकाने विमानाचं नाक वर उचलायचं असतं. याला ‘रोटेशन’ म्हणतात. नाक किती वेगावर उचलायचं हे वजन, तापमान आणि उंची यांच्या हिशेबाने आधीच काढलेलं असतं. कोणत्या गतीने उचलायचं याचंही तंत्र ठरलेलं आहे: फार झटकन नाही, फार सावकाश नाही. उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला विमान साठ-सत्तर मीटर धावपट्टी खाऊन टाकतं.

आयसी-४९१ जमिनीवरून सुटलं ते जवळपास धावपट्टीच्या टोकाला. टोकापलीकडे बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एक ट्रक चालला होता, दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला. विमानाचं डावं मुख्य चाक, डाव्या इंजिनाचं खालचं आवरण आणि थ्रस्ट रिव्हर्सरचा भाग ट्रकच्या डाव्या बाजूला आदळला. रस्त्यापासून आदळण्याची उंची जेमतेम सात फूट. एरवी माणूस ज्या उंचीवर हात वर करून पंखा पुसतो, साधारण तेवढी.

विमान तरीही काही काळ हवेत राहिलं. मग धावपट्टीपासून ईशान्येला सुमारे ३ किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागलं आणि जमिनीवर कोसळलं. विमानाचे तुकडे झाले, आग लागली. ५५ जण गेले, ६३ जण वाचले. वाचलेले जास्त होते ही गोष्ट आपल्या आठवणीतून जवळजवळ निघूनच गेली आहे, म्हणून ती इथे नोंदवून ठेवते.

कापूस मध्येच कुठून आला?

आपल्या भागातल्या वाचकाला हा प्रश्न पडणार नाही, बाहेरच्यांना पडतो. त्यांना कापसाचा ट्रक म्हणजे गोष्टीतला विचित्र योगायोग वाटतो. पण राजेहो, मराठवाडा-विदर्भाच्या रस्त्यावर एप्रिल महिन्यात कापसाच्या गाठींचा ट्रक नसेल तर नवल.

शेतकरी कापूस विकतो तो सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. रुई मग प्रेसमध्ये दाबून पट्ट्यांनी बांधतात, ती गाठ. पूर्ण दाबलेली एक गाठ साधारण १७० किलोची. ट्रकवर पन्नास गाठी धरल्या तरी साडेआठ टन माल झाला. त्या काळात महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. १९७२ पासून कच्चा कापूस शासनाच्या वतीने पणन महासंघ खरेदी करायचा, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकायचा. वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते, खरेदी उन्हाळ्यापर्यंत चालते, गाठी त्यानंतरही हलत राहतात. म्हणजे दुपारी एक वाजता बीड रोडवर गाठींचा ट्रक असणं हे त्या रस्त्याचं रोजचं काम होतं.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. ट्रक “आडवा आला” असं आपण बोलतो. पण ट्रक आपल्या रस्त्याने, आपल्या वेळेत, आपलं काम करत होता. त्या क्षणी समोरून बोईंग येतंय हे त्याला कळावं अशी व्यवस्था त्या दुपारी चालली नाही.

निष्कर्षाचे दोन भाग

विमान अपघाताची चौकशी ही फौजदारी खटल्यासारखी नसते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे ‘आयकाओ’च्या, परिशिष्ट १३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. म्हणून अहवालात ‘गुन्हेगार’ असा शब्द नसतो, ‘संभाव्य कारण’ असा असतो.

या अपघाताची संभाव्य कारणं दोन नोंदवली गेली. पहिलं, वैमानिकांनी रोटेशन उशिरा सुरू केलं आणि ते चुकीच्या तंत्राने केलं. दुसरं, उड्डाणांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटी, म्हणजे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, अपयशी ठरलं.

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिलं नसतं तर? विमान धावपट्टीच्या बरंच आधी सुटलं असतं आणि ट्रकच्या खूप वरून गेलं असतं. दुसरं नसतं तर? विमान उशिरा सुटलं असतं तरी रस्ता रिकामा असता, आणि त्या सात फुटांवर आदळायला काही नसतं. कदाचित आज कुणाला या उड्डाणाचा नंबरही आठवला नसता. अपघाताला दोन्ही गोष्टी एकाच सेकंदाला चुकाव्या लागल्या. टाळायला दोन्हींपैकी एक पुरली असती.

आता आपल्या आठवणीकडे बघा. एक गट म्हणतो, “पायलटची चूक.” दुसरा म्हणतो, “नशीब बघा, नेमका तेव्हाच ट्रक आला.” पहिल्या गटाने पूर्ण जबाबदारी कॉकपिटमध्ये बंद केली. दुसऱ्याने ती थेट दैवावर ढकलली. दोघांनीही रस्त्याचं काय करायचं होतं आणि ते कुणी करायचं होतं, हा प्रश्न सोडून दिला.

रेल्वेच्या बाबतीत आपण असं करत नाही. रस्ता रुळांना जिथे छेदतो तिथे फाटक लागतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आपली शकुंतला आठवा, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची. इतकी सावकाश चालणारी गाडी, तरी फाटकाशी गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा. चालत्या माणसाला गाठता येईल अशा गाडीसाठी आपण एवढं करत होतो. ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगाने येणाऱ्या, ११८ माणसं भरलेल्या विमानापुढे मात्र रस्ता उघडा राहिला.

जबाबदार कोण, आणि ते आहेत कुठे?

निष्कर्षात ज्या दोन संस्थांकडे बोट जातं, त्यांचं पुढे काय झालं ते बघू.

राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १९८६ मध्ये स्थापन झालं होतं. अपघातानंतर दोनच वर्षांनी, १ एप्रिल १९९५ ला, ते आणि आंतरराष्ट्रीय विमानतळांचं प्राधिकरण एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण बनलं. रस्ता सांभाळण्यात जी संस्था कमी पडली, ती त्या नावाने संपली.

इंडियन एअरलाइन्सने डिसेंबर २००५ मध्ये नाव बदलून नुसतं ‘इंडियन’ केलं, शेपटीवर कोणार्कच्या चक्राचं चिन्ह आलं. २००७ मध्ये एअर इंडियाशी विलीनीकरण ठरलं. २०११ च्या फेब्रुवारीत ‘आयसी’ हा संकेतही बंद झाला, सगळी विमानं ‘एआय’ झाली. त्यानंतर अकरा वर्षांनी विक्री.

संस्था विलीन होतात तेव्हा तिची विमानं, कर्जं, इमारती, नोकरदार यांची यादी होते. प्रत्येक गोष्टीला नवा मालक मिळतो. धडे मात्र त्या यादीत नसतात. एखादा धडा नियमात, प्रशिक्षणात किंवा जमिनीवरच्या बांधकामात उतरला असेल तर टिकतो, नाहीतर ज्यांना तो माहीत आहे ती माणसं निवृत्त झाली की जातो.

अलायन्स एअरचंच उदाहरण घ्या. सुरुवातीला तिला इंडियन एअरलाइन्सकडून जुनी बोईंग ७३७-२०० विमानं मिळाली, म्हणजे औरंगाबादला पडलं त्याच जातीची. १७ जुलै २००० ला पाटण्यात उतरताना त्यातलं एक वस्तीवर कोसळलं. ६० जण गेले, त्यात ५ जण विमानात नव्हतेच, आपल्या घरी होते. कारणं वेगळी होती. पण विमानतळाचं कुंपण आणि बाहेरचं जग यांच्यात अंतर किती, हा प्रश्न पुन्हा समोर आला. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ गेले, तेव्हाही. त्या अपघातानंतर काही तासांतच “वैमानिक की यंत्र?” असा वाद सुरू झाला. १९९३ चं वाचून बसलेल्या मला वाटलं, आपण पुन्हा एकाच कारणाच्या शोधात निघालो.

आता आपल्याकडे

हे सगळं आपल्या वऱ्हाडाला का लागू पडतं?

बेलोऱ्याची धावपट्टी आज १,८५० मीटर आहे. फुटांत सांगायचं तर ६,०००च्या थोडी वर. म्हणजे १९९३ च्या चिकलठाण्याएवढीच. घाबरू नका. एटीआर-७२ हे बोईंगपेक्षा खूप हलकं विमान आहे आणि या लांबीत ते सहज उडतं. पण पुढेमागे मोठी विमानं यावीत ही मागणी होणार, झालीच आहे. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारच्या वजनाचा हिशेब कुणीतरी विचारला पाहिजे.

चांगली गोष्ट अशी की बेलोऱ्याच्या विस्तारात बडनेरा-यवतमाळ रस्ता वळवण्याचं काम आधीच्या टप्प्यातच धरलं होतं. या वळणरस्त्याबद्दल लोकांनी भरपूर कटकट केली, फेरा वाढला म्हणून. मला मात्र ते वळण पाहिलं की बीड रोड आठवतो. १९९३ चा धडा कुठे डांबरात उतरलेला दिसत असेल, तर तो अशा वळणात.

अकोल्याची गोष्ट वेगळी. शिवणीचा विमानतळ १९४३ चा, इंग्रजांच्या काळातला, बेलोऱ्यापेक्षा जवळपास पन्नास वर्षं थोरला. धावपट्टी साधारण १,४०० मीटर. वाढवायची तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि हा विषय किती वर्षं चघळला गेलाय ते अकोलेकरांना मी सांगायला नको. “अमरावतीला झालं, आमचं कधी?” हा प्रश्न रास्त आहे. माझी विनंती एवढीच की त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: “धावपट्टीच्या टोकापलीकडे काय असणार?” आयकाओच्या मानकांनुसार अशा धावपट्टीच्या टोकापलीकडे किमान ९० मीटरचा मोकळा सुरक्षा पट्टा लागतो, शिफारस २४० मीटरची आहे. धावपट्टीच्या लांबीची बातमी होते, या पट्ट्याची होत नाही. त्यापलीकडे रस्ता असेल तर तो नकाशावर सपाट रेघ दिसतो, पण प्रत्यक्षात तो त्यावरून जाणाऱ्या ट्रकएवढा उंच असतो. आपल्या रस्त्यांवर तो ट्रक हिवाळ्यात गाठींचा, उन्हाळ्यात कुटाराचा असेल, पण असेल हे नक्की.

आणखी एक. एअर इंडियाने बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायचं २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे नाक कोणत्या वेगावर आणि कसं उचलायचं हे शिकणारी पोरं-पोरी पुढच्या काळात अमरावतीच्या उन्हात शिकणार. निष्कर्षाचा पहिला भाग त्यांच्या अभ्यासक्रमात असेलच. दुसरा भाग, कुंपणाबाहेरचा, तुमच्या-माझ्याकडे राहतो. तो ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवानगीत असतो, वीज कंपनीच्या तारांच्या मार्गात असतो, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नकाशात असतो. आयसी-४९१ शेवटी तारांना लागूनच पडलं, हे विसरू नका.

शेवटी एक मागणं. या विषयावर माझं काम चालू आहे आणि सरकारी कागद फक्त विमानाच्या बाजूने बोलतात. रस्त्याच्या बाजूचे कागद मला हवे आहेत. तुमच्या घरी नव्वदच्या दशकातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या नोंदवह्या, ट्रक वाहतुकीच्या बिल्ट्या, किंवा इंडियन एअरलाइन्सची जुनी वेळापत्रकं, तिकिटं असतील तर रद्दीत घालू नका. चिकलठाणा, बीड रोड परिसरात तेव्हा राहणारं कुणी ओळखीचं असेल, आणि त्या रस्त्यावर विमानाच्या वेळी गाड्या थांबवायचे का, कोण थांबवायचं, हे त्यांना आठवत असेल, तर खाली प्रतिक्रियेत कळवा. पुढच्या लेखात नागपूरच्या रात्रीच्या टपालाबद्दल सविस्तर लिहिते.